लिंक उघडते, फॉर्मही उघडतो, पण रकाने कोरेच: नेमकं काय तपासायचं?

"अवो, लिंक उघडतीया, फॉर्म पण येतोय, पण त्यात नावच येईना झालंय. बघा की जरा."

दसरा जवळ आला की असे फोन सुरू होतात. आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आसपासची चपलांची दुकानं, राजारामपुरीतले क्लासवाले, उद्यमनगरात पार्ट बनवून देणारे, सगळ्यांनी आता ऑर्डरसाठी नाहीतर तक्रारीसाठी ऑनलाइन फॉर्म धरलाय. गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲपवर लिंक जाते आणि त्या लिंकमधूनच त्याचं नाव, ऑर्डर नंबर, माप फॉर्मात भरून येतं. त्यानं नजर टाकायची आणि 'सबमिट' दाबायचं, एवढंच काम. चालतं तेव्हा जगात भारी. अडलं की मात्र पहिला राग फॉर्मवर निघतो. प्रश्न पुसून नवा टाकला जातो, नाहीतर अख्खा फॉर्मच नव्यानं बनवला जातो. त्यानं दुखणं वाढतं, का ते पुढे सांगतो.

फॉर्म क्वचितच बिघडलेला असतो. बहुतेक वेळा लिंक बिघडलेली असते, आणि ती कुठं बिघडली हे रकान्यांकडे बघूनच कळतं. सगळे रकाने कोरे, एकच कोरा, मजकूर अर्धवट, की दुसऱ्याचंच नाव, या चार वेगळ्या तक्रारी आहेत. म्हणून फोन करणाऱ्याला मी आधी विचारतो, "कोरं म्हणजे किती कोरं?"

लिंक वाचायची कशी

गूगल फॉर्मची भरलेली लिंक साधारण अशी दिसते. खऱ्या लिंकमध्ये सगळं इंग्रजी अक्षरांत असतं आणि एंट्रीचे नंबर लांबलचक असतात, इथं वाचायला सोपं म्हणून देवनागरीत आणि छोटं करून लिहिलंय:

…/व्ह्यूफॉर्म?एंट्री.१११=पाटील&एंट्री.२२२=के४७&एंट्री.३३३=कापशी

प्रश्नचिन्हाच्या अलीकडे फॉर्मचा पत्ता. पलीकडे जोड्या: कुठला रकाना, बरोबरचं चिन्ह, त्यात काय भरायचं. दोन जोड्यांच्या मध्ये & हे चिन्ह. म्हणजे ?, =, & या तिघांना लिंकमध्ये ठरलेली कामं आहेत. # ला पण आहे, + ला पण आहे, % ला तर आहेच. गिऱ्हाईकाच्या नावात, पत्त्यात किंवा मालाच्या वर्णनात यांपैकी एखादं चिन्ह आलं की लिंकचा गैरसमज होतो. निम्म्याहून जास्त भानगडी या एका कारणाच्या.

एंट्रीचा नंबर अंदाजानं लिहायचा नाही. फॉर्मच्या संपादन पानावर वर तीन टिंबं आहेत, तिथं 'प्री-फिल' हा शब्द असलेला पर्याय मिळतो. उघडलेल्या पानावर प्रत्येक रकान्यात ओळखू येईल असं काहीतरी भरा, तळाशी 'गेट लिंक' दाबा आणि ती लिंक कॉपी करा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतली उचलू नका. प्रश्नाचं शीर्षक बदललं किंवा प्रश्न वरखाली हलवला तरी नंबर तोच राहतो. प्रश्न पुसून तसाच दुसरा बनवला की नंबर नवा मिळतो. आधी पाठवलेल्या सगळ्या लिंका मग जुन्या नंबराला हाका मारत बसतात, आणि तो रकाना कायमचा कोरा. रागाच्या भरात प्रश्न पुसू नका म्हणतो ते याच्यासाठी.

व्हॉट्सॲपवरचा निळा रंग

सगळ्यात आधी पाठवलेला मेसेज बघायचा. लिंकचा निळा रंग कुठं संपतो? पूर्ण नाव भरलं असेल तर नाव आणि आडनाव यांच्या मधे जागा असते. व्हॉट्सॲप त्या जागेशी लिंक संपली असं धरतं आणि पुढचं सगळं साध्या काळ्या मजकुरात पडतं. गिऱ्हाईकानं दाबलं की फॉर्म उघडतो, नाव येतं, आडनाव गायब, आणि त्यानंतरचे सगळे रकाने कोरे. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर मात्र सगळं व्यवस्थित दिसतं, कारण तिथं अख्खी ओळ पट्टीत पेस्ट केलेली असते आणि ब्राउझर जागा स्वतःच सांभाळून घेतो. "माझ्याकडं चालतंय की!" हे वाक्य इथूनच येतं. म्हणून लिंक तपासायची ती व्हॉट्सॲपवरून स्वतःच्याच नंबरला पाठवून, आणि ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत. कॉम्प्युटरवर पेस्ट करून केलेली चाचणी मी धरत नाही.

जागेच्या ऐवजी लिंकमध्ये %२० घालतात. तशीच इतर चिन्हांची रूपं आहेत: & साठी %२६, # साठी %२३, + साठी %२बी, खुद्द % साठी %२५. ही पद्धत २००५ च्या आरएफसी ३९८६ या मानकात लिहून ठेवलेली आहे, सगळे ब्राउझर ती पाळतात.

जागेचं %२० केलं, पण बाकीचं एखादं चिन्ह रूपांतर न करता तसंच गेलं, की प्रत्येकाचं लक्षण वेगळं दिसतं. चपलांच्या दुकानाचंच उदाहरण घेऊ. गिऱ्हाईकाला दोन जोड हवेत आणि प्रकाराच्या रकान्यात "कापशी & पुकरी" असं लिहिलंय. फॉर्मात येतं फक्त "कापशी". पुकरीला लिंक नवीन रकान्याचं नाव समजली, तसा रकाना नाही, म्हणून ती हरवली. पण त्यानंतरचे माप, तारीख, पत्ता हे रकाने नीट भरलेले असतात. एका रकान्याचंच शेपूट तुटलं असेल, तर & वर संशय घ्या.

पत्त्यात "फ्लॅट #३, आठवी गल्ली" असं असेल तर वेगळंच घडतं. # च्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, तो पानातल्या एखाद्या जागेचा पत्ता मानला जातो. पत्त्यात "फ्लॅट" एवढंच उरतं आणि पुढचे झाडून सगळे रकाने कोरे. म्हणजे लक्षण निळ्या रंगाच्या तक्रारीसारखंच, पण इथं लिंक शेवटपर्यंत निळी दिसते. फरक ओळखायची तेवढी एकच खूण.

+ चा त्रास मोबाइल नंबरात होतो. फॉर्मच्या जुन्या रिवाजात + म्हणजे रिकामी जागा, त्यामुळे "+९१" पाठवलं की रकान्यात आधी एक जागा आणि मग ९१ येतं. नंबर तपासणारा नियम लावलेला असेल तर फॉर्म लाल होतो, आणि गिऱ्हाईकाला काय चुकलं ते कळत नाही, कारण नंबर दिसायला बरोबर असतो. मी + घालतच नाही, नुसते दहा आकडे. व्हॉट्सॲपवर थेट चॅट उघडणाऱ्या 'डब्ल्यूए डॉट एमई' लिंकेत ९१ लागतंच, पण तिथंही + नको, सुरुवातीचं शून्य नको, मधल्या रेघा नकोत.

% सगळ्यात खोडकर. "१०% सूट" असं लिंकमध्ये तसंच टाकलं की % पुढची दोन अक्षरं सांकेतिक आहेत असं समजून ती उलगडायचा प्रयत्न होतो. स्वतःच्या साइटवर जावास्क्रिप्टनं, म्हणजे पानातल्या कोडनं, रकाने भरत असाल आणि त्यात % ची रूपं उलगडणारं 'डिकोडयूआरआयकॉम्पोनंट' हे फंक्शन वापरलं असेल, तर ते तिथंच त्रुटी देऊन थांबतं. पुढे एकही रकाना भरला जात नाही, आणि वर वर बघणाऱ्याला वाटतं की सगळी लिंकच मेली. त्याऐवजी लिंकमधल्या जोड्या वाचून देणारं 'यूआरएलसर्चपॅराम्स' वापरलं तर ही अडचण येत नाही, ते चुकीचं % आहे तसंच ठेवतं.

शीटमधून लिंका काढताना

हे सगळं हातानं कोण करणार? ऑर्डरी शीटमध्येच असतात, तिथूनच लिंक बनवायची. गूगल शीट्समध्ये आणि विंडोजवरच्या एक्सेल २०१३ पासून पुढे चिन्हांची ही रूपं आपोआप करून देणारं 'एन्कोडयूआरएल' हे फंक्शन आहे. सूत्र असं, अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं:

="…/व्ह्यूफॉर्म?एंट्री.१११="&एन्कोडयूआरएल(बी२)&"&एंट्री.२२२="&एन्कोडयूआरएल(सी२)

यात & दोन प्रकारचं आहे. अवतरणाच्या बाहेरचं & शीटचं, ते तुकडे जोडतं. अवतरणाच्या आतलं लिंकचं. आतलं विसरलं की दोन उत्तरं एकाच रकान्यात चिकटून येतात.

इथं दोन गडबडी हमखास सापडतात. पहिली: अख्खी लिंकच एन्कोडयूआरएलमध्ये घालणं. मग : आणि / आणि ? सगळ्यांचीच रूपं बदलतात आणि लिंक उघडतच नाही. फंक्शन फक्त उत्तरांना लावायचं, सांगाड्याला नाही. दुसरी: एकदा बदललेलं पुन्हा बदलणं. शीटमध्ये फंक्शन लावलं आणि मेसेज पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरनं परत आपलं रूपांतर केलं, की %२० चं %२५२० होतं. फॉर्मात नाव आणि आडनाव यांच्या मधे "%२०" असं उघडं पडलेलं दिसलं, की समजायचं काम दोनदा झालंय. दोनपैकी एक बंद करा. सॉफ्टवेअरचं बंद करता येत नसेल तर शीटमधलं काढा.

तारखेला वेगळा नियम. वेबवरच्या तारखेच्या रकान्याला उत्तर वर्ष-महिना-दिवस याच क्रमानं लागतं, दिसताना तो दिवस आधी दाखवत असला तरी. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. लिंकमध्ये तो २०२५-१०-०२ असाच हवा. ०२/१०/२०२५ दिलं की रकाना कोरा, कुठलीही तक्रार न करता. शीटमधल्या तारखेला 'टेक्स्ट' फंक्शननं हा साचा द्या आणि मग लिंकमध्ये घ्या. आकड्यांच्या रकान्याचंही असंच: स्वतःच्या साइटवर 'नंबर' प्रकारचा रकाना असेल तर स्वल्पविराम घातलेली रक्कम चालत नाही आणि देवनागरी आकडेही चालत नाहीत. "२,४००" दिलं तर तो निमूटपणे रिकामा राहतो.

एकच रकाना कोरा, तोही पर्यायांचा

या तक्रारीत लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, आणि ती खास आपल्या मराठीची आहे.

साध्या मजकुराच्या रकान्यात काहीही पाठवा, जातं. गोल टिकल्यांच्या किंवा यादीच्या रकान्यात मात्र लिंकमधलं उत्तर फॉर्ममधल्या पर्यायाशी तंतोतंत जुळावं लागतं. शेवटी एक जागा जास्त असली तरी नाही म्हणजे नाही. ती जागा शीटमध्ये 'ट्रिम' लावून काढता येते. पण मराठीत याच्याही पुढची गोष्ट आहे: डोळ्यांना एक दिसणारा शब्द आतून दोन असू शकतो.

डिलिव्हरीच्या प्रश्नात "दुसऱ्या दिवशी" असा पर्याय आहे असं धरा. यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडणारं चिन्ह, आणि य. फोनचा कीबोर्ड एक पद्धत वापरतो, दुकानातल्या कॉम्प्युटरवरचा दुसरी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. फॉर्म दुकानातल्या कॉम्प्युटरवर बनवला, शीट फोनवर भरली, की "दुसऱ्या दिवशी" काही निवडलं जात नाही. "त्याच दिवशी" मात्र व्यवस्थित निवडलं जातं. दुकानदार वैतागतो, कारण एक पर्याय चालतो आणि त्याच प्रश्नातला दुसरा चालत नाही.

हे पकडायला शीटमधलं चिन्हं मोजणारं 'लेन' फंक्शन पुरतं. फॉर्ममधला शब्द एका चौकोनात, शीटमधला शेजारच्या, आणि दोघांना लेन लावा. "दुसऱ्या" या शब्दाचं एका पद्धतीनं ७ येतं, दुसरीनं ८. आकडे वेगळे आले की चोर सापडला.

ॲडव्हान्स, ॲप, ॲल्युमिनियम या शब्दांतही हेच होतं. ॲ हे एक अक्षर म्हणून टाइप होतं, किंवा अ आणि वरचा चंद्र अशी दोन मिळून. "ॲडव्हान्स दिला" हा पर्याय कोरा राहिला तर इथंच बघा.

उपाय म्हणजे लिंकमध्ये मराठी पर्याय हातानं टाइप न करणं. फॉर्ममधून शब्द कॉपी करून शीटमध्ये एक छोटी यादी करा आणि ऑर्डरीच्या रकान्याला तीच ड्रॉपडाउन म्हणून लावा, म्हणजे कुणी कुठल्याही कीबोर्डवरून भरलं तरी शब्द तोच जातो. याहून सोपं मला वाटतं ते असं: प्रश्न मराठीत ठेवा, पर्याय मात्र के१, के२, पी१ अशा नुसत्या इंग्रजी सांकेतिक अक्षरांत ठेवा. काही मंडळींना हे रुक्ष वाटतं. वाटू दे.

याला दुसरंही कारण आहे. लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं होतं आणि प्रत्येक बाइट % सकट तीन अक्षरांत लिहिला जातो. काना, मात्रा, हलन्त हेही स्वतंत्र मोजले जातात. "कोल्हापूर" हा एवढासा शब्द लिंकमध्ये ८१ अक्षरं खातो. अख्खा पत्ता मराठीत घातलात की मेसेजमध्ये टक्क्यांची भिंत उभी राहते, आणि म्हातारी माणसं फसवणुकीची लिंक समजून ती दाबतच नाहीत. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तीच लिंक क्यूआर कोडमध्ये घातली तर चौकोन इतके बारीक होतात की पावतीवर छापलेला कोड फोनला वाचता येत नाही. लिंक छोटी करायचीच असेल तर आधी पूर्ण भरलेली लिंक तयार करा आणि मग ती छोटी करा. छोट्या लिंकच्या शेपटाला मागून एंट्री जोडत बसू नका, ती पुढे पोचेल याचा भरवसा नाही.

स्वतःची साइट असेल तर

वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर फॉर्म ठेवणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार: लिंकमध्ये नाव घातलं की पानच सापडत नाही, ४०४ येतं. नाव काढलं की पान उघडतं. कारण 'नेम' हा शब्द वर्डप्रेसनं स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलाय. तुम्ही नेम=पाटील दिलं की तो 'पाटील' नावाचं पान शोधायला जातो. 'इयर', 'डे', 'पी' हेही तसेच राखीव. रकान्याला 'युअर-नेम' किंवा 'ग्राहक_नाव' असं इंग्रजी अक्षरांतलं वेगळं नाव द्या. वर्डप्रेसमध्ये फॉर्मसाठी कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे प्लगइन वापरत असाल तर रकान्याच्या टॅगमध्ये 'डिफॉल्ट:गेट' लिहावं लागतं, त्याशिवाय तो लिंककडे बघतच नाही. लहान-मोठी इंग्रजी अक्षरंही तंतोतंत हवीत.

गूगल फॉर्म आपल्या पानात बसवला असेल, तर पानाच्या लिंकला जोडलेली उत्तरं आतल्या फॉर्मपर्यंत आपोआप जात नाहीत. ती दोन वेगळी पानं आहेत. थोडं जावास्क्रिप्ट लिहून पोचवता येतात, पण दुकानापुरतं काम असेल तर थेट फॉर्मचीच लिंक पाठवा, डोक्याला ताप नको.

आणि दुसऱ्याच गिऱ्हाईकाचं नाव दिसत असेल, तर कॅशे तपासा. पान वेगानं उघडावं म्हणून सर्व्हर त्याची एक प्रत ठेवतो. ती ठेवताना प्रश्नचिन्हाच्या पुढचा भाग विचारात घेतला नाही, तर पहिल्या माणसासाठी भरलेलं पान दुसऱ्याला जातं. हा प्रकार दिसला की आधी फॉर्म बंद ठेवा, फॉर्मच्या पानाला कॅशेतून वगळा, मगच उघडा. कुणाचा तरी पत्ता आणि नंबर परक्याला दिसतोय, हे दुपारपर्यंत लांबवायचं काम नव्हे.

लिंकमध्ये काय घालायचं नाही

लिंक ब्राउझरच्या हिस्टरीत राहते, सर्व्हरच्या नोंदींत राहते, गिऱ्हाईकाच्या मुलानं फोन घेतला तर त्यालाही दिसते. आधार, पॅन, खातं क्रमांक यांपैकी काही तिथं नको. आणि रक्कम तर अजिबात नको. एका दुकानात फॉर्मात रक्कम लिंकमधून यायची आणि तीच बिलाला धरली जायची. रकान्यात २४०० चं २४० करायला कुणालाही दोन सेकंद लागतात, त्यासाठी हॅकर असायची गरज नाही. भरून आलेला रकाना म्हणजे फक्त टाइप करायचे कष्ट वाचले, खात्री झाली असं नव्हे. लिंकमध्ये ऑर्डर नंबर पाठवा, रक्कम आपल्या शीटमधून त्या नंबरावरून उचला.

शेवटची भानगड लिंकची नाही, माणसांची. गिऱ्हाईकाला चप्पल आवडते, तो आपली लिंक घरच्या ग्रुपवर टाकतो: "इथनं मागवा, मस्त आहेत." मेव्हणा, साडू, मावसभाऊ सगळे तीच लिंक उघडतात, आणि सगळ्यांच्या फॉर्मात पहिल्याचंच नाव आणि पहिल्याचाच ऑर्डर नंबर. बरेच जण बदलत नाहीत, नुसतं माप बदलून सबमिट करतात. शीटमध्ये एकाच नावानं चार ऑर्डरी, चार मापं. याला लिंकमध्ये उपाय नाही. मेसेजमध्येच दोन लिंका द्या, एक "तुमच्यासाठी" भरलेली आणि एक "इतरांना पाठवायला" कोरी. शिवाय उत्तरांच्या शीटमध्ये ऑर्डर नंबरावर, तो किती वेळा आला ते मोजणारं 'काउंटइफ' लावून दुबार आलेले नंबर रंगवून घ्या. रंग दिसला की आधी फोन करायचा, मग कातडं कापायला घ्यायचं.